पाण्यावरची घंटा

भोकाचा व्यास एक पूर्णांक सात दशांश मिलिमीटर होता. इतकं लहान भोक थेट मोजता येत नाही, म्हणून ज्या दाभणाने ते पाडलं होतं त्या दाभणाची जाडी मी व्हर्निअर कॅलिपरने तीनदा मोजली आणि सरासरी काढली. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाला, तळापासून दोन बोटं वर, ते भोक होतं. त्यातून काचेच्या काडीसारखी सरळ धार पडत होती. ती पाहताना मला जो आनंद झाला तो मी कुणाला सांगितला नाही. भोकाबद्दल आनंद होणाऱ्या बाईकडे लोक कसं बघतात याचा मला अनुभव आहे. माझं लग्न झालेलं आहे.

हे पिंप पापडी गावातल्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून, एका लोखंडी मांडणीवर चढवलेलं होतं. ते तिथे कसं चढलं हे सांगायचं तर आधी प्रयोगशाळेबद्दल सांगायला हवं.

साल एकोणीसशे नव्याण्णव. शाळेला एका दात्याने सहा संगणक दिले होते आणि ते खोक्यांसकट मुख्याध्यापक चुरीसरांच्या खोलीत जमिनीवर पडले होते. त्यांतल्या एकावर सर चहाचा कप ठेवत. संगणकांना खोली हवी होती. शाळेत तशा दोनच खोल्या: एक माझी प्रयोगशाळा आणि दुसरी अडगळीची. अडगळीच्या खोलीत एकोणतीस मोडकी बाकं होती. ती टाकून द्यायची तर डेडस्टॉक रजिस्टरमधून त्यांचं निर्लेखन, म्हणजे नोंद खोडणं, व्हायला हवं, आणि निर्लेखनाच्या कागदावर चुरीसरांनी सही करायला हवी. सही केली की निर्णय घेतल्यासारखं होतं, आणि चुरीसर निर्णय घेत नसत. माणूस सज्जन. मुलांवर कधी आवाज चढवला नाही. पण ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी अकरा वर्षांत ऐकले नव्हते. मी प्रयोगशाळेचा विषय काढला की ते घड्याळाकडे बघत, तास संपेपर्यंत हवापाण्यावर बोलत आणि घंटा झाली की हायसं वाटून उठत. “घंटा झाली, विनयाबाई. नंतर बसू आपण.”

ऑक्टोबरअखेर खोली तयार नसेल तर संगणक दुसऱ्या शाळेला जाणार होते. आणि सर काहीच बोलले नाहीत तर प्रयोगशाळा जाणार, हे शाळेत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, कारण प्रयोगशाळेतल्या वस्तू हलवायला कुणाची सही लागत नव्हती. शिपाई काळूरामने तर माझ्या बीकरसाठी रिकामी खोकीही आणून ठेवली होती. “बाई, आसूं द्या. लागतील.”

त्या उन्हाळ्यात मी एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथे मुलांना वस्तू घडवायला कशा शिकवाव्यात ते सांगितलं होतं. आधी कुणाची तरी खरी अडचण शोधायची. त्या माणसाला नीट विचारायचं. मग निदान तीन उपाय काढायचे, एक निवडायचा, करून बघायचा, तो फसला की का फसला ते लिहायचं आणि परत करायचा. हे मी आठवीच्या पालकसभेत सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “परत करा म्हणजे? पहिल्यांदाच बरोबर करून दिलं तर?” दुसऱ्या पालकांनी विचारलं की फसण्याला मार्क किती. मी म्हटलं, दहापैकी सहा.

मुलांनी अडचणीसाठी काळूराम निवडला. तो जूचंद्र गावचा, दिवाळीनंतर निवृत्त होणार होता आणि त्याची जागा भरली जाणार नव्हती. क्षितिजा ही वर्गातली सर्वांत टोकदार पेन्सिल असलेली मुलगी. ती वही घेऊन त्याच्यासमोर बसली.

“काका, तुमची अडचण काय?”

“आडचन? नाय गो पोरी, आपली कसली आडचन?” काळूराम म्हणाला, आणि पुढची पंचवीस मिनिटं थांबला नाही. क्षितिजाने एकोणीस अडचणी लिहून घेतल्या. त्यांत जावई तीनदा होता. चौदावी अडचण अशी होती की रुळाच्या तुकड्यावर दिवसातून दहा वेळा हातोडा मारून त्याचा उजवा खांदा गेला होता, आणि तो गेल्यावर घंटा कोण देणार, याची त्याला काळजी होती.

“विजेची घंटा बसवा की सरळ,” इतिहासाच्या मंदाबाई शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या. विजेची घंटा शाळेत होतीच. पण वीज दुपारी जायची ती घंटेला विचारून जात नसे.

मुलांनी तीन उपाय काढले. पहिल्यात एक माकड होतं. दुसऱ्यात चुरीसर होते. तिसरा धवलचा: पिंपातून पाणी ठिबकत बादलीत पडेल, बादली दहा लिटरला भरली की जड होऊन खाली बसेल, बादली ज्या दांड्याला टांगली आहे त्याचं दुसरं टोक वर उडेल आणि तिथला हातोडा रुळावर बसेल. ठण्! खाली आलेली बादली खिळ्याला अडून उलटेल, रिकामी होऊन परत वर जाईल. दर पस्तीस मिनिटांनी एक तास. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. वरवर फक्त म्हटलं, “पाणी उलटल्यावर कुठे जाईल?”

ते शाळेच्या भिंतीपलीकडे रोझलिनच्या केळींत जाणार होतं. तशी पत्र्याची पन्हळ लावायला तिला विचारायला गेलो. रोझलिन पन्नाशीची, आवाज चर्चच्या कॉयरमध्ये कमावलेला.

“दर पस्तीस मिन्टांनी पाणी? फुकट?” तिने विचारलं. “टीचर, तुम्ही रविवारी पण शाळा भरवा.”

अडचण आली ती पिंपाची. पिंप अडगळीच्या खोलीतलं होतं आणि रजिस्टरमध्ये सत्तेचाळीसाव्या क्रमांकावर ‘निरुपयोगी’ म्हणून नोंदलेलं होतं. चुरीसरांनी चष्मा पुसला. “निरुपयोगी वस्तूचा उपयोग केला तर नोंद चुकीची ठरते. आणि नोंद बदलायची, तर…” ते घड्याळाकडे बघू लागले. मी म्हटलं, सर, प्रायोगिक तत्त्वावर करू. ‘प्रायोगिक’ हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा उजळला, कारण तो ‘हो’ नव्हता आणि ‘नाही’ही नव्हता. त्यांनी स्वतःहून सूचना लिहिली आणि फलकावर लावली: ‘प्रायोगिक कालावधीत पाण्यावरची घंटा हीच शाळेची अधिकृत घंटा समजावी. तिला कोणीही हात लावू नये.’

भोक किती मोठं हवं हे ठरवायला मी तीन रात्री घरच्या बाल्कनीत डबे टांगले. माझे यजमान प्रल्हाद बँकेत आहेत, त्यांनी एकदाच विचारलं, “हे गळतंय, की गळवतेस?” खालच्या मजल्यावरच्या आशालताकाकूंचे वाळत घातलेले पोह्याचे पापड परत ओले झाले तेव्हा मात्र सोसायटीच्या फलकावर माझं नाव आलं. ‘ब-बारा यांनी गळती त्वरित थांबवावी.’ मी भौतिकशास्त्रात एम. एस्सी. आहे. माझं नाव फलकावर यापूर्वी एकदाच आलं होतं, विद्यापीठात, आणि तेव्हा संदर्भ निराळा होता.

सोमवारी घंटा सुरू झाली. पहिला तास बरोबर पस्तीस मिनिटांनी संपला. ठण् झालं, बादली उलटली, भिंतीपलीकडून रोझलिन ओरडली, “आलं गो आलं!” आणि आठवीचा वर्ग बाकांवर उभा राहिला. मी त्यांना बसवलं.

दुसरा तास सदतीस मिनिटांचा झाला. तिसरा एकोणचाळीस. चौथा बेचाळीस. पाचवा सेहेचाळीस, आणि तेव्हा मला उलगडलं. पिंप रिकामं होत जातं तशी पाण्याची उंची कमी होते, उंची कमी झाली की धार मंदावते. हे मी दरवर्षी नववीला शिकवते. फळ्यावर आकृती काढून शिकवते. आणि मुलांच्या यंत्राची चाचणी घेताना एकच तास मोजून, खूश होऊन, घरी जाऊन झोपले होते.

थांबवावं तर अधिकृत घंटेला हात लावायचा नव्हता. शाळा सुटल्याचं चुरीसरांनी तोंडी जाहीर करायचं, तर तो निर्णय झाला असता. ते खोलीत बसून वारंवार व्हरांड्यात डोकावत होते, एवढंच. सहावा तास एक्कावन्न मिनिटं, सातवा अठ्ठावन्न, आणि आठवा एकोणसत्तर. चार चाळीसला सुटणारी शाळा सहा वाजून सतरा मिनिटांनी सुटली.

फाटकाशी पालकांची गर्दी होती. एक आई म्हणत होती, “जादा तास घेता तर आधी कळवायचं.” तिच्या शेजारचे गृहस्थ समाधानाने म्हणाले, “शाळा सुधारली हो!” रोझलिनचा नवरा भिंतीवरून विचारत होता की आज चहा कुणी देणार आहे का, त्यांच्या घरी चहा आठव्या तासाच्या घंटेवर ठेवतात. आणि नववीतून मंदाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या.

“विनया, पेशवाई बुडाली, इंग्रज आले, इंग्रज गेले, स्वातंत्र्य मिळालं, तरी तुझी घंटा नाही! शेवटी मी मुलांना माझ्या लग्नाची हकिकत सांगितली. सगळी!”

मी मान खाली घालून वर्गात गेले. मला वाटलं मुलं रडवेली असतील. क्षितिजाने फळ्यावर आठ आकडे लिहिले होते आणि त्यांच्यावरून बोट फिरवत ती जवळजवळ नाचत होती. “बाई, चुकलं! बघा ना, कसं ओळीत चुकलंय! प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त!” त्यांना दहापैकी सहा मिळाले होते आणि पुढचे चार कुठे आहेत ते दिसत होतं.

उपाय मी रात्रभर वहीत शोधत होते. तो दुसऱ्या दिवशी सकाळी क्षितिजाला रोझलिनच्या खुराड्यात सापडला. कोंबड्यांना पाणी पाजायला रोझलिन भरलेली बाटली बशीत उपडी ठेवते. कोंबडी प्यायली की बशीतलं पाणी उतरतं, बाटलीच्या तोंडाशी हवा शिरते आणि तेवढंच पाणी बाहेर येतं. बशीतली पातळी काही हलत नाही. “मग पिंपाचं जुनं भोक बुजवू,” क्षितिजा म्हणाली, “बाटलीसारखंच उपडं करून त्याचं तोंड परातीत बुडवू, आणि नवं भोक परातीला पाडू!” या युक्तीला एका शास्त्रज्ञाचं नाव आहे. मी ते परीक्षेत लिहून आले होते. कोंबड्यांनी परीक्षा दिली नव्हती, पण त्यांना ते जास्त चांगलं येत होतं.

भोक पाडलेली परात रोझलिनचीच होती. ती सणाच्या पोळ्यांची आहे हे मागाहून कळलं. पण बुधवारपासून घंटा पस्तीस, पस्तीस, चौतीस, पस्तीस अशी पडू लागली. पापडीतली घड्याळं लोक तिच्यावर लावायला लागले. काळूराम स्टुलावर बसून खांद्याला तेल चोळत तिच्याकडे बघत राही. “येवढी वर्सां मारली मी. आता पानी मारतंय.”

शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी शुक्रवारी येणार असल्याचं पत्र आलं. संगणकांसाठी कोणती खोली, ते मुख्याध्यापकांकडून ठरवून घेऊनच ते परत जाणार होते. चुरीसरांनी दोन दिवस जेवण कमी केलं. मी माझ्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या उगाच पुसून ठेवल्या.

आणि धवलचे वडील कामाला लागले. हर्षवर्धन यांचा मंडपाचा आणि मखरांचा धंदा. “साहेब येणार, आणि यंत्र असं उघडंवागडं?” ते मला म्हणाले. “मॅडम, तुम्ही फक्त उद्या या आणि बघा.” मी उद्या आले आणि बघितलं. मांडणीच्या दोन बाजूंना सोनेरी थर्माकोलचे खांब, वर महिरप, महिरपीवर गणपतीतला उरलेला अडीच फुटी मोर, आणि परातीभोवती कमळाच्या पाकळ्या. काळूराम चपला काढून, हात जोडून उभा होता.

“दांड्याला जागा सोडलीय ना?” मी विचारलं.

“सगळं मापात आहे मॅडम,” हर्षवर्धन म्हणाले. माप त्यांनी दांडा स्वस्थ असताना घेतलं होतं.

अधिकारी सहाव्या तासाला आले. हसतमुख, घाम पुसणारे गृहस्थ. त्यांची बैठक प्रयोगशाळेतच मांडली होती: ते, चुरीसर, मंदाबाई आणि खिडकीशी मी. चहा झाला, सरबत झालं, सातव्या तासाची घंटा झाली. ती पडताना दांडा मोराच्या शेपटीला घासून गेला. मी ते पाहिलं, पण मोर तिकडे आणि मी इकडे. पुढची अठ्ठावीस मिनिटं चुरीसर पापडीच्या हवामानावर बोलले. मग मनगटाकडे पाहून त्यांनी घसा साफ केला. घंटेला सात मिनिटं होती. एवढ्या वेळात विषय काढता येतो आणि संपवावा लागत नाही, याचा त्यांना दांडगा सराव होता.

“तर, खोलीचा प्रश्न,” ते म्हणाले. “त्याला दोन बाजू आहेत.”

दोन्ही बाजू त्यांनी मांडल्या. पुन्हा एकदा मांडल्या. पस्तीस मिनिटं झाली. त्यांनी अर्धवट उठून खुर्ची मागे सरकवली आणि कान दिला. काहीच झालं नाही.

मला खिडकीतून सगळं दिसत होतं. बादली काठोकाठ भरली होती, दांडा उठला होता आणि हातोड्याची मान मोराच्या मानेत जाऊन बसली होती. दोघं एकमेकांना मिठी मारल्यासारखे स्थिर होते. परातीतून सेकंदाला पावणेपाच मिलिलिटर पाणी भरलेल्या बादलीत पडत होतं आणि पन्हळ चुकवून व्हरांड्यात सांडत होतं. मी हे सांगायला हवं होतं. निरीक्षण दडवू नये, हे मीच मुलांना शिकवलेलं. मी पदराचं टोक सारखं केलं आणि गप्प बसले. जाणूनबुजून न केलेली माझ्या आयुष्यातली ती एकच नोंद.

दारात क्षितिजा उगवली. “बाई, एक निरीक्षण आहे.”

“नंतर,” मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि शहाण्यासारखी निघून गेली.

चुरीसरांनी तिसरी बाजू मांडली. ती पहिलीच होती. तेवढ्यात काळूराम आत आला. “साहेब, घंटा आडकली. मी मारू का हातोरा?” चुरीसरांच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली ती पाहून मलाच वाईट वाटलं.

“छे छे, मुळीच नाही!” अधिकारी म्हणाले. “मुलांचा प्रयोग आहे, आपोआप वाजू दे. तुमची सूचनाच आहे ना बाहेर, हात लावू नये? फार छान लिहिलीय. मला ती वाजताना बघायचीय. तोवर बोला सर. आपल्याला घाई नाही.”

मंदाबाईंनी माझा हात टेबलाखाली घट्ट धरला. वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत साधारण पावणेसहा लिटर पाणी सांडलं. आमच्या व्हरांड्याचा उतार मुख्याध्यापकांच्या खोलीकडे आहे, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, पण त्या क्षणी ते फक्त पाण्याच्या लक्षात होतं.

“सर!” बाहेरून धवल ओरडला. “पाणी आत चाललंय! संगणकाच्या खोक्यांकडे!”

सगळे धावलो. पाण्याची एक पातळ जीभ उंबऱ्यावरून आत शिरून पहिल्या खोक्यापासून वीतभर अंतरावर आली होती. आठवीच्या मुलांनी आमच्याआधी खोकी उचललीही होती, दोघांत एक. सहावं काळूरामने खांदा वाचवत सरळ डोक्यावर घेतलं. सरांचा चहाचा कप अजून त्यावर होता. हर्षवर्धन कुठूनसे येऊन मोराच्या मानेला दोन्ही हातांनी ओढत होते. भिंतीपलीकडून रोझलिन विचारत होती, “टीचर, आज माझं पाणी कुठं गेलं?”

“सर, कुठं ठेवू?” काळूरामने विचारलं.

व्हरांड्याच्या एका टोकाला माझी प्रयोगशाळा, दुसऱ्या टोकाला अडगळीची खोली. मधोमध दहा मुलं खोकी धरून उभी होती, आणि त्यांचे हात भरून येऊ लागलेले दिसत होते. चुरीसरांनी रुळाच्या तुकड्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, मी त्यांना कसलीच मदत केली नाही.

“सर, जड हाय,” काळूराम म्हणाला. कप हलला.

“अडगळीच्या खोलीत,” चुरीसर म्हणाले. आपलाच आवाज ऐकून ते दचकले, मग त्यांनी तो आणखी चढवला. “बाकं बाहेर काढा. एकोणतीसच्या एकोणतीस. मी सही करतो. प्रयोगशाळा आहे तिथेच राहील.”